त्वचेचा आणि डोळ्यांचा जंतुसंसर्ग: ओळखायचा कसा, घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं

घरातल्या औषधांच्या डब्यात अर्धी वापरलेली एक ट्यूब आणि तळाशी थोडे थेंब उरलेली एक बाटली हमखास सापडते. अंगावर चट्टा उठला की ट्यूब, डोळा लाल झाला की थेंब. बऱ्याचदा आराम पडतोही, आणि घोळ तिथेच होतो. त्या औषधात स्टेरॉइड असेल तर खाज, लाली, सूज ओसरते, पण जंतू वाढतच राहतो. वर राख, खाली निखारा. त्वचेवर हे काही महिन्यांच्या त्रासावर निभावतं, डोळ्यात मात्र नजर जाऊ शकते. म्हणून क्रम पाळायचा: आधी तातडीचा धोका नाही ना ते पाहायचं, मग जंतू कोणत्या प्रकारचा याचा अंदाज घ्यायचा, आणि औषधाला हात त्यानंतर लावायचा.

पहिली पायरी: वाट पाहायची नाही अशी लक्षणं

यातलं एकही दिसलं तर पुढचं वाचायचं सोडून दवाखाना गाठा.

- दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त आहे, कातडी जांभळी-काळी पडतेय, फोड येताहेत किंवा दाबल्यावर आत करकर लागतेय. हा खोल ऊतींचा संसर्ग असू शकतो आणि तो काही तासांत पसरतो.
- लालीबरोबर थंडी-ताप, भोवळ, असंबद्ध बोलणं.
- डोळा लाल आणि त्यासोबत खोल दुखणं, उजेड सहन न होणं किंवा धूसर दिसणं.
- पापणी सुजून ताप आलाय, डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय, तो फिरवताना दुखतंय किंवा एकाच्या दोन वस्तू दिसताहेत.
- नवजात बाळाच्या डोळ्यातून पू. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत ‘डोळे आलेत, जातील’ असं म्हणायला जागाच नाही. प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेला गोनोरियाचा जंतू बाळाचं बुबुळ फार लवकर पोखरतो.
- काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा, लाल डोळा.

मधुमेह असलेल्यांनी, केमोथेरपी सुरू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी पुढे जिथे घरी उपाय करायला किंवा वाट पाहायला सांगितलंय, तिथे ‘आजच दाखवा’ असं वाचावं.

दुसरी पायरी: त्वचेवर नेमकं काय आहे?

निरोगी त्वचाही जंतूंनी भरलेलीच असते. साधारण दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू काहीही त्रास न देता राहत असतो. तो आत शिरतो ते त्वचेला भेग, ओरखडा किंवा दाढी करताना झालेली जखम मिळाली की. त्यामुळे ‘जंतू आला कुठून’ यापेक्षा ‘शिरला कुठून’ हा प्रश्न जास्त कामाचा.

घरच्या घरी अंदाज घ्यायला तीन गोष्टी पुरतात: किती वेगाने वाढलं, ठणकतंय की खाजतंय, आणि कडा कशी आहे. एक-दोन दिवसांत वाढलं, गरम लागतंय, ठणकतंय, तर बहुधा जिवाणू. आठवड्यांच्या हिशोबाने हळूहळू पसरलं, खाज जास्त आणि दुखणं कमी, कडा उठावदार, तर बहुधा बुरशी. आधी आग किंवा टोचणी आणि मग पुंजक्यांनी पाणीदार फोड, तर बहुधा विषाणू. अपवाद असतातच, पण सुरुवात इथून करावी.

सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली लालसर दिसतेच असं नाही. ती जांभळट किंवा गडद तपकिरी दिसते, कधी नजरेतून सुटते. तिथे डोळ्यांपेक्षा हाताचा भरवसा धरा. हाताच्या पाठीमागच्या बाजूने दोन्हीकडची सारखीच जागा चाचपली की धग आणि ताण लगेच कळतो.

तिसरी पायरी: जिवाणूंचा संसर्ग असेल तर

केसतूड आणि लहान गळू यांच्यावर सर्वात चांगला उपाय म्हणजे शेक. स्वच्छ कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, १० ते १५ मिनिटं धरायचं. दिवसातून तीन-चार वेळा. याने गळू पिकून आपोआप फुटतं. फुटल्यावर साबण-पाण्याने धुऊन कोरड्या पट्टीने झाका. दाबून पू काढायचा मोह आवरा, कारण दाब आतल्या बाजूलाही जातो आणि पू खोल पसरतो. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातलं केसतूड तर अजिबात चिमटू नका. तिथल्या शिरांचा संबंध कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्यांशी आहे.

मोठं बेंड, ज्यात बोटाने दाबल्यावर पाण्यासारखं हलतं, ते गोळ्यांनी बसत नाही. पुवाभोवती तयार झालेल्या भिंतीतून औषध पुरेसं आत पोचत नाही; डॉक्टर छोटी चीर देऊन निचरा करतात आणि अनेकदा तेवढ्यानेच सुटका होते. केसतुडं परत परत येत असतील तर रक्तातली साखर तपासा आणि रेझर किंवा टॉवेल कुणाबरोबर वापरला जातोय का ते पाहा. नाकातल्या जंतूवर वेगळा उपचार असतो, त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा.

लहान मुलांच्या नाका-तोंडाभोवती पुटकुळ्या येऊन त्यावर मधाच्या रंगाची खपली धरते, तो इम्पेटिगो. पसरतो झपाट्याने. खपली साबणाच्या कोमट पाण्याने मऊ करून हलकेच काढायची आणि खालच्या ओल्या जागेवर डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं. हे मलम बहुधा म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं असतं. खपलीच्या वरून लावलेलं मलम वाया जातं. उपचार सुरू होऊन २४ तास होईपर्यंत मूल शाळेत पाठवू नका, नखं कापून टाका. एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: कारण स्ट्रेप्टोकोकस असेल तर त्वचा बरी झाल्यावर काही आठवड्यांनी क्वचित मूत्रपिंडावर परिणाम होतो. चेहऱ्यावर सूज किंवा गडद चहासारखी लघवी दिसली तर जुन्या पुटकुळ्यांचा उल्लेख डॉक्टरांकडे जरूर करा.

सेल्युलायटिस हा त्वचेखालच्या थरांचा संसर्ग, बहुतेक वेळा एका पायाला होतो. ‘एका’ हे महत्त्वाचं आहे. दोन्ही पाय एकाच वेळी सारखेच लाल झाले असतील तर कारण बहुधा वेगळं, म्हणजे शिरांत रक्त साचणं वगैरे असतं आणि प्रतिजैविकांनी काही होत नाही. पहिल्याच भेटीत लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. औषध सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत लाली रेघेच्या किंचित बाहेर गेली तर घाबरायचं कारण नाही, पण तिच्यासोबत ताप किंवा दुखणं वाढत असेल तर परत जायलाच हवं. पाय उशीवर उंच ठेवा. आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का ते बघा, कारण जंतूचा दरवाजा पुष्कळदा तोच असतो. पाय बरा केला आणि चिखल्या तशाच ठेवल्या, तर दुखणं परत येणारच.

साध्या जखमेसाठी वाहतं स्वच्छ पाणी आणि साबण पुरेसा आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेत ओतल्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात. धुऊन, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन पट्टी बांधा. जखम उघडी ठेवून ‘सुकवण्या’पेक्षा ओलसर राहिलेली जखम लवकर भरते. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा. प्राण्याने किंवा माणसाने चावलं असेल तर जखम कितीही छोटी असो, दाखवायचीच.

चौथी पायरी: बुरशी असेल तर, आणि ट्यूबवरचं नाव वाचायची सवय

गजकर्णाची कडा लाल, खवलेदार आणि मध्यभाग त्यामानाने स्वच्छ दिसतो, कारण बुरशी बाहेरच्या दिशेने सरकत असते. म्हणून मलम कड्यावर नुसतं टेकवून भागत नाही. कड्याच्या बाहेर साधारण दोन सेंटिमीटर निरोगी दिसणाऱ्या त्वचेवरही लावायचं. चट्टा दिसेनासा झाला तरी पुढे दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. खाज चार दिवसांत थांबते, ट्यूब बाजूला पडते आणि महिन्याभरात तीच जागा पुन्हा उठते.

आता तो स्टेरॉइडचा मुद्दा. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचाच. घटकाच्या नावाच्या शेवटी ‘कोनाझोल’ किंवा ‘ट्रिमाझोल’ असेल तर ते बुरशीवरचं औषध. टर्बिनाफिनही त्याच कामाचं. पण क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असं त्रिकूट असेल तर ती गजकर्णावर लावू नका. दोन दिवसांत बरं वाटेल, मग चट्टे मोठे होतील, कडा पुसट होईल, आणि पुढे त्वचारोगतज्ज्ञालाही नुसतं बघून हे गजकर्ण आहे हे पटकन ओळखता येणार नाही. जांघेसारख्या नाजूक जागी वर कातडी पातळ होऊन कायमच्या रेघा पडतात, ते वेगळंच. अशी ट्यूब बरेच दिवस लावली असेल तर ती बंद केल्यावर काही दिवस लाली-खाज उफाळून येईल. त्यावेळी पुन्हा तीच लावायची नाही, डॉक्टरांकडे जायचं.

टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी, ट्रायकोफायटन इंडोटिनी, अलीकडच्या वर्षांत अनेक देशांत आढळली आहे. योग्य मलम, योग्य प्रमाणात, चार आठवडे लावूनही फरक नसेल तर ट्यूब बदलत बसू नका. त्वचा हलकेच खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी तपासणी असते, ती करून घ्या. डोक्यातल्या आणि नखांच्या बुरशीवर नुसतं मलम सहसा पुरत नाही, गोळ्या लागतात.

कपडे सैल, सुती असावेत. अंतर्वस्त्रं, मोजे, टॉवेल रोज धुतलेले. अंघोळीनंतर जांघ, काख, बोटांच्या बेचक्या टिपून पूर्ण कोरड्या केल्याशिवाय मलम लावू नका. घरात आणखी कुणाला खाज असेल तर दोघांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा, नाहीतर पाळीपाळीने चालू राहतं.

शिबं ही मॅलॅसेझिया या बुरशीची, आणि ती बुरशी आपल्या सगळ्यांच्या अंगावर असते. म्हणून शिबं सहसा एकाची दुसऱ्याला लागत नाही. उपचारानंतर बुरशी जाते, पण फिकट डागांचा रंग परत यायला काही महिने लागतात. वरून बोटाने खरवडल्यावर कोंडा निघत नसेल तर औषध थांबवायला हरकत नाही.

नागीण: इथे तासांचा हिशोब आहे

विषाणूंच्या बाबतीत एकच गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी, आधी आग आणि मग फोड अशी नागीण उठली तर फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू, मज्जातंतूत दबा धरून बसलेला. कपाळावर किंवा पापणीवर नागीण असेल, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड असेल, तर डोळाही सापडण्याची शक्यता मोठी. नाकाच्या शेंड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्याच फांद्या डोळ्याकडे जातात. डोळा लाल नसला तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना, आणि गर्भवतींना, फोड सुकेपर्यंत लांब ठेवा. चामखीळ वगैरेंना एवढी घाई नसते.

पाचवी पायरी: लाल डोळा, साधा की धोक्याचा?

आरशासमोर चांगल्या उजेडात उभे राहा. लेन्स असेल तर आधी काढा. एक डोळा झाकून दूरचं काहीतरी वाचा, मग दुसरा झाकून तेच वाचा. चिपडं पुसल्यावर, पापण्या मिटून उघडल्यावरही लाल डोळ्याने धूसर दिसत असेल तर ते साधे ‘डोळे येणे’ नाही. खिडकीकडे पाहा, उजेडाने डोळ्यात कळ उठते का? खुपल्यासारखं, वाळू गेल्यासारखं वाटणं वेगळं आणि डोळ्याच्या आत खोल ठणकणं वेगळं. शेवटी बुबुळ नीट न्याहाळा. त्यावर पांढुरका ठिपका दिसतोय का? लाली बुबुळाच्या भोवती कड्यासारखी दाट आहे का? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर थेंब न घालता नेत्रतज्ज्ञ.

सगळ्यांना ‘नाही’ असेल तर बहुधा डोळे आलेत. पाण्यासारखा स्राव, आधी एक डोळा आणि एक-दोन दिवसांनी दुसरा, सोबत सर्दी किंवा घसा धरलेला, असं असेल तर कारण विषाणू, बहुतेकदा ॲडिनोव्हायरस. घट्ट, पिवळा-हिरवा स्राव दिवसभर पुसत राहावा लागत असेल तर जिवाणू. दोन्ही डोळ्यांना एकदम प्रचंड खाज असेल तर ॲलर्जी. सकाळी पापण्या चिकटणं हे दोन्ही संसर्गांत होतं, त्यावरून निदान करू नका. मात्र पू इतका येतोय की पुसताच पुन्हा भरतोय, तर तोही तातडीचा मामला.

विषाणूंनी आलेल्या डोळ्यांवर प्रतिजैविक थेंबांचा काही उपयोग नाही. पहिले तीन ते पाच दिवस वाढतं, मग दोन-तीन आठवड्यांत निवळतं. थंड पाण्याच्या घड्या, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकाकडून कानाकडे एकदाच पुसून तो कापूस फेकून देणं, आणि हवे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, एवढंच करायचं. डोळ्यावर पट्टी बांधू नका. बंद, उबदार जागेत जंतूंचं फावतं. घरगुती द्रव, मग तो कितीही नैसर्गिक असो, डोळ्यात घालू नका, कारण तो निर्जंतुक नसतो.

डोळ्यांकडे नुसतं पाहिल्याने डोळे येत नाहीत. ते येतात हाताने. ॲडिनोव्हायरस दाराच्या मुठीवर, मोबाइलवर, रिमोटवर काही आठवडे टिकू शकतो, आणि अल्कोहोलच्या जेलचा त्याच्यावर साबणाइतका भरवसा नाही. हात साबणाने २० सेकंद धुवा. उशीचा अभ्रा आणि टॉवेल रोज बदला. त्या काळात वापरलेलं काजळ, मस्कारा फेकून द्या.

रांजणवाडीला केसतुडासारखाच शेक द्यायचा, फोडायची नाही. आठवडाभरात बसत नसेल किंवा पूर्ण पापणी सुजली तर दाखवा.

बुबुळाचा संसर्ग

डोळ्याच्या बाबतीत खरी भीती याची. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्यावर जखम होऊन जंतू शिरला की व्रण होतो आणि बरा झाला तरी पांढरा डाग, म्हणजे फूल, मागे राहू शकतं.

दोन वाटा लक्षात ठेवा. पहिली, झाडाचं पान, काटकी, गवत किंवा धान्याचं कूस डोळ्याला लागणं. त्यातून फ्युझेरियम, ॲस्परजिलस अशा बुरश्या आत जातात. त्रास लगेच होत नाही, काही दिवसांनी हळूहळू वाढतो, तोवर काय लागलं होतं हे विसरायला झालेलं असतं. दुसरी वाट काँटॅक्ट लेन्सची. लेन्स लावून झोपल्याने स्यूडोमोनास हा जिवाणू येऊ शकतो, आणि तो एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळवतो. नळाच्या पाण्याने लेन्स धुतली, लेन्स लावूनच पोहलात किंवा अंघोळ केली, तर अकँथअमीबा नावाचा पाण्यातला एकपेशीय जीव शिरू शकतो, ज्याचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. लेन्सला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. डबीतलं द्रावण रोज ओतून पूर्ण नवं भरा, जुन्यात भर घालू नका. डबी दर तीन महिन्यांनी बदला.

डॉक्टर नारिंगी रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात डोळा पाहतात. कॉर्नियावर जखम असेल तिथे हिरवं चमकतं. हर्पिस या विषाणूचा व्रण फांद्या फुटल्यासारखा दिसतो. मग व्रणाचा कण खरवडून तपासायला पाठवतात, कारण जिवाणू, बुरशी, विषाणू आणि अमीबा यांची औषधं पूर्ण वेगळी आहेत. थेंब सुरुवातीला तासातासाला, रात्रीही घालावे लागतात. एवढं सगळं होण्याआधी कुणी डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनचे थेंब घातले तर लाली कमी होते, आणि बुरशी किंवा हर्पिस निर्धास्तपणे खोल जातो. स्टेरॉइडचे थेंब डोळ्यांच्या काही आजारांत लागतातच. ते कधी सुरू करायचे हे मात्र कॉर्निया तपासलेल्या माणसानेच ठरवायचं. मागच्या वेळचे उरलेले थेंब तर नकोच. बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी ती टाकून द्यायची असते.

सहावी पायरी: थेंब नीट घालणं

हात धुवा. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून कप्पा करा, नजर वर. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला कुठेच टेकू न देता एकच थेंब सोडा. डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त मावतच नाही, दुसरा गालावर ओघळतो. मग डोळा हलके मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध नाकात उतरणार नाही. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा, मलम सर्वांत शेवटी. लहान मूल डोळा उघडत नसेल तर त्याला उताणं झोपवा, मिटलेल्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात थेंब सोडा आणि डोळा उघडण्याची वाट पाहा. एका डोळ्याला संसर्ग असेल तर दुसऱ्यासाठी तीच बाटली वापरू नका.

डॉक्टरांकडे जाताना

पहिल्या दिवसापासूनचे, एकाच उजेडातले फोटो काढून ठेवा. लावलेली प्रत्येक ट्यूब आणि बाटली सोबत न्या, नावं आठवून सांगू नका. पानाचा फटका बसला होता का, लेन्स लावून झोपला होतात का, हे विचारलं नाही तरी सांगा. त्वचेवर बुरशीचं मलम चालू असेल तर शेवटचं कधी लावलं ते सांगा, नाहीतर खरवडून केलेल्या तपासणीत बुरशी असूनही ती दिसत नाही. आणि लेन्समुळे डोळा दुखावला असेल तर लेन्स आणि तिची डबी फेकून न देता, द्रावणासकट घेऊन जा. डोळ्यातून जंतू सापडला नाही तर तो डबीत सापडू शकतो.